बियाण्यासाठी राखलेली

मेमध्ये पेरलेली ब्रोकोली,
मार्च उजाडला तरी नुसती पानंच.
लोवेना ट्रेगियर जाळी ताणते,
कबुतरांना दोन शिव्या हासडते,
खाऱ्या वाऱ्यानं कलंडलेल्या बुंध्यांना
काठ्या बांधते.

मग एका सकाळी
पानापानाच्या बगलेत जांभळे कोंब.
खुडावेत तितके फुटतात.

सहा झाडांना मात्र ती हात लावत नाही.
आईच्या तंबाखूच्या डबीतलं बी आहे ते,
फुलू दे.

पण कुंपणापलीकडे पेन्हॅलोचा केलही
ऐन फुलावर.
माशांना कुठलं आलंय कुंपण?

तीन वर्षांचा अबोला.
वर्तमानपत्रात जुडी गुंडाळून ती जाते:
"तुझी फुलं कापशील?"

तो जुडी हुंगतो.
"लोणी आहे घरात," एवढंच म्हणतो
आणि कात्री शोधू लागतो.