थांबणाऱ्याला वाट

ओतियाचं अंडी उबवायचं यंत्र तिसऱ्यांदा आलं.
दर दोन तासांनी अंड्यांना कूस बदलायला लावणारी छोटी मोटर,
तिला चालू-बंद करणारं बोर्ड,
आणि बोर्डावर पुन्हा तोच ट्रान्झिस्टर,
पोटाला भोक पडून मेलेला.

मी म्हटलं, भार जास्त होत असेल.
लामाराने बोर्ड नाकाशी धरलं.
"फिरवताना टिकतो. थांबवताना जातो."

ऑसिलोस्कोपवर दाखवलं तिने:
मोटर चालू तोवर रेघ तळाशी, गप्प.
स्विच तुटला की बारा व्होल्टवर जाऊन बसायला हवी,
तर काचेच्या वरच्या कडेबाहेर
निघून जाते एक सुई.
नव्वद? शंभर? माप संपलं होतं.
तांब्याच्या वेटोळ्यात जे वाहतंय
ते हुकमाने जागच्या जागी थांबत नाही.
दार लावलंत, तर दारासकट जातं.

राजम्याच्या दाण्याहून लहान डायोड,
पाय आखूड कापून
मोटरच्या दोन टोकांवर बसवला,
राखाडी पट्टा अधिकाकडे.
"उलटा लागलाय," मी म्हटलं.
"उलटाच लागतो, ग्वांत्सा.
मोटर फिरते तोवर हा बिनकामाचा."

सुई गेली.
रेघ बारावर चढली, जेमतेम पाऊण व्होल्ट ओलांडून
खाली बसली.
मोटर मात्र आता किंचित रेंगाळून थांबते;
वेटोळ्यातलं उरलंसुरलं
आपल्याच तारेत गोल फिरतं,
तार जराशी ऊन करून विरतं.

ट्रॉलीबसचा डेपो बंद झाला
तेव्हा लामाराची तिथे बावीस वर्षं झाली होती.
सोमवारी कागद, मंगळवारी तारा उतरवल्या.
ग्रामितोनने त्याच आठवड्यात
स्वतःच्या घराच्या सगळ्या काचा फोडल्या.
तिच्याबद्दल बाजारात सांगतात:
महिनाभर ती पहाटे साडेपाचला निघायची,
चार नंबरचा अख्खा मार्ग पायी,
प्रत्येक थांब्यावर जरा उभी राहून,
रिओनीवरचा पूल, कॅनिंगची फॅक्टरी, दवाखाना,
आणि परत डेपोच्या कुलपापर्यंत.
मग एका पहाटे गेली नाही.

मी तिला हे विचारलेलं नाही.

ओतियाने पैशांऐवजी चीजचा गोळा दिला.
बाविसाव्या दिवशी त्याचा फोन.
बोलला काहीच नाही,
फोन नुसता यंत्रापाशी धरून ठेवला.
लामाराने ऐकलं, मग माझ्या कानाला लावला,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पंखा
खोलायला घेतला.