तपासणी

रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी
थर्झा पार्डीच्या स्वयंपाकघरात फोन टिणकतो.
वाजत नाही. टिणकतो.
कपाला चुकून चमचा लागावा, तेवढाच.

सोर कोव्हमध्ये याची तीन-चार कारणं सांगतात.
बुडालेली माणसं, हे बहुमत.
उंदीर, म्हणतो रूबेन, ज्याच्याकडे फोनच नाही.
पाद्रीबुवा म्हणतात वारा,
आणि विषय बदलतात.

कारण मी आहे.
म्हणजे एक्स्चेंजमधलं यंत्र,
पण त्याचं घड्याळ मी लावलंय.
गाव निजलं की ते एकेका तारेत
जराशी वीज सोडून कानोसा घेतं,
वैद्यानं नाडी धरावी तसं:
कुठे ओल मुरलीये, कुठे तांब्यावर मीठ चढलंय.
न्यूफाउंडलंडचं धुकं, ते काय काय खातं.
तेवढ्या धक्क्यानं जुन्या फोनातली घंटा
झोपेत कूस बदलते.
बस.

यंत्र घरांच्या ओळीनं जात नाही, आकड्यांच्या ओळीनं जातं.
म्हणून टिणकणं आधी धक्क्यावर, मग टेकडीवरच्या शाळेत,
मग थेट हॉलेटांच्या बंद घरात,
ज्याचं बिल अजून कुणीतरी टोरोंटोहून भरतं.
मग थर्झा.

हे सगळं मी तिला समजावलं,
बिस्किटाच्या पुड्यावर आकृती काढून.
ती मान डोलवत चहा ओतत राहिली.
"मी उचलते," म्हणाली. "उचलायला काय लागतं?"

मार्चात मी तिचा नंबर यादीतून काढून टाकला.
न सांगता. म्हटलं, म्हातारीला झोप लागू दे.

चौथ्या दिवशी बर्फ तुडवत आली,
पायात गार्लंडचे बूट, तीन नंबर मोठे.
"ॲम्ब्रोझ, माझी लाइन मेलीये."
मी तिच्यादेखत तिच्या घरी फोन लावला.
रिंग जात होती, रिकाम्या स्वयंपाकघरात, खणखणीत.
"दिवसा चालतो गं बाई," मी म्हणालो.
"दिवसाचं कोण विचारतंय?"

नंबर परत घातला.

आता एक-चाळीसला मीही जागा असतो, काम नसताना.
यंत्र कागदावर छापत जातं:
ठीक. ठीक. ओल. ठीक.
तिच्या नंबरापुढे मात्र रोज तेच:
फोन उचललेला आहे,
तपासणी अपूर्ण.