जिनिंग थांबल्यावर

मानवतला रात्री अकराला जिनिंग थांबते
तेव्हा कुठं गावाला स्वतःचा आवाज ऐकू येतो.
आम्ही त्याचीच वाट बघत बसलेलो,
मुस्तकीमच्या दुकानामागच्या खोलीत चौघं,
आणि भिंतीला लावलेली कापसाची सहा बोचकी.
"काकाचा हाय," वैजनाथ म्हणाला,
"उद्या काट्यावर जायचाय. टेकू नका कुणी."

माइक म्हणजे मेलेल्या फोनमधून काढलेला
हरभऱ्याएवढा तुकडा,
चहाच्या गाळणीत बसवलेला,
गाळणीवर मुस्तकीमच्या बहिणीचा पायमोजा.
पंखा बंद. दाराखालच्या फटीत वाकळ.
घाम गळतो त्याचाही आवाज येतो,
सुलक्षणा शपथेवर सांगत होती.

ढोलकी-पेटी कालच झालेली. आज नुसता गळा.
पेटीची काळी पाच अडकते
म्हणून गाणं अर्धा सूर वर नेलं,
म्हणून तिला वरचा पंचम लागेना,
म्हणून मी ओळच बदलली.
आभाळ होतं तिथं ओटा घातला
आणि सूरही ओट्याइतकाच ठेवला.

इअरफोन एकच.
डाव्यात ढोलकी, उजव्यात पेटी.
डावा तिच्या कानात, उजवा माझ्या.
वायर आखूड, मान हलवायची सोय नाही.
अर्धं गाणं तिला ठाऊक, अर्धं मला,
आणि मुस्तकीमला नुसती
वर-खाली होणारी हिरवी रेघ.

पहिल्या वेळी कुत्रं.
दुसऱ्या वेळी मानवत रोडवरून मालगाडी, इतक्या लांबून!
तिसऱ्या वेळी वैजनाथला हसू फुटलं.
कामून? तर कामूनच नाही.
चौथ्या वेळी सगळं जुळलं.
शेवटचा सूर कापसात बुडेपर्यंत
कुणी श्वास सोडला नाही.
मग मुस्तकीम हळूच म्हणाला,
"यार, बटण दाबायचंच राहिलं."

पाचवं जे झालं ते सगळ्यांच्या फोनवर आहे.
बरं आहे. सुलक्षणाच्या मामाला आवडलं.
वैजनाथ आता चाकणला, कंपनीत. रात्रपाळी.
तिथं मशीन थांबतच नाही म्हणतो.
माझ्या इअरफोनचा उजवा कान गेला,
तेव्हा मला ऐकू येतो तो फक्त वैजनाथ,
आणि थापेच्या आधी
त्याच्या अंगठीचा ढोलकीच्या कडीवर
बारीक टण्ण.

चौथं कुणाकडंच नाही.
सकाळी कापूस काट्यावर चढला तेव्हा
व्यापाऱ्यानं बोचक्यात हात घातला,
मूठ दाबून बघितली,
"ओल धरलीय," म्हणाला,
आणि बोचक्यामागं किलोभर कापलं.
काका त्याच्याशी भांडत राहिला.
आम्ही गप्प उभे.