बेडकाचा क

त्बिलिसीत, तळघरातल्या मशीनमध्ये
सात वर्षांचा एरेक्ले निजलाय.
डोक्याला पिंजरा, कानांत बोळे.
"हलायचं नाही. फक्त म्हण : बाकाकी."
म्हणजे बेडूक, त्यांच्या भाषेत.
त्यातला दुसरा क पडजिभेपाशी फुटतो,
बाटलीचं बूच उडावं तसा.

पडद्यावर मक्वाला बघते :
राखाडी जीभ मागे सरते,
मृदू टाळू उचलते, गोगलगाय मान काढते तशी,
आणि पोचता पोचता थांबते.
फट उरते. डाळिंबाच्या दाण्याएवढी.
तिथूनच निसटतो तो क,
नाकावाटे, गेंगाणा,
थेट वर्गातल्या हशात.

डोक्यावरची टाळू भरते आपली आपण,
दीड वर्षात.
ही तोंडातली दोनदा शिवली.

दाराशी बाप, ट्रकची किल्ली बोटाभोवती फिरवत :
"दिसला का आवाज?"
"आवाज नाही दिसत, वाझा.
जागा दिसते."
आणि ती मोजते. तीन पूर्णांक दोन मिलिमीटर.
लिहिते. खोडते. पुन्हा तेच लिहिते.

माइकमधून एरेक्ले, हळूच :
"दिसला?"
"कोण रे?"
"बेडूक."

मक्वाला चित्रफीत मागे नेते,
एकेक चौकट.
"हो," म्हणते,
"दिसला. उडी थोडी कमी पडली."