बेस

सोमवारी पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचंय.
दोन मेल, दोन कंपन्या, दोन्ही लहान.
पंख्यांची विमानं, सत्तरेक खुर्च्या,
मोठ्यांना परवडत नाही अशा गावांना जाणारी.

पहिली म्हणते, बेस हैदराबाद.
दुसरी म्हणते, दिमापूर, निदान दोन वर्षं,
नंतर बघू.
ते नंतर बघू मी तीनदा वाचलं,
वकिलाच्या मुलीसारखं,
आणि मी तर काजूवाल्याची.

हिशेबाला बाबांनी वजनाची जुनी वही दिली.
डाव्या पानावर त्यांचंच अक्षर:
बिया इतके किलो, ओल इतकी वजा,
सावंतवाडीच्या व्यापाऱ्याने कापले ते वेगळे.
उजव्या पानावर मी:
बाँड पाच वर्षांचा, मोडला तर अठरा लाख.
टाइप रेटिंग, खर्च माझा.
खोलीचं भाडं. सुट्टीला घरी येण्याचं तिकीट,
स्टँडबाय, म्हणजे जागा उरली तर.
सीनियॉरिटीच्या यादीत हैदराबादला नंबर दोनशे अकरा,
दिमापूरवाल्यांकडे चाळीस.
चाळिसाव्याला डावी खुर्ची चार वर्षांत,
दोनशे अकराव्याला, ओल वजा करून, नऊ.

चिखलीची ग्लेंडा परवाना घेऊन
दोन वर्षं घरी आहे, मुलांना गणित शिकवते.
फोनवर म्हणाली, जी आधी बोलावेल तिच्याकडे जा,
एक दिवस उशीर म्हणजे जन्मभर
कुणाच्या तरी मागे.
मग थांबून म्हणाली,
तुला निवडायला मिळतंय, शुभलक्ष्मी.
मागे तिच्या घरी कुणीतरी पाढे म्हणत होतं.

आई नकाशावर बोटाने दिमापूर शोधत होती.
सापडलं तेव्हा बोट तिथेच ठेवलं
आणि डाळ उतू जाऊ दिली.

गोव्यात बेस दोघींचाही नाही.
मोपाला येतात दोघी,
पंचवीस मिनिटं थांबतात.
माणसं उतरतात, बॅगा उतरतात,
मी उतरणार नाही.
कासारवर्ण्याला आमच्या अंगणातून
तो दिव्यांचा पट्टा दिसतो रात्री.
कुंपणाच्या आत कुठेतरी आमचे
एकशे चाळीस काजू होते.
त्यांच्या पैशांत माझे दोनशे चौदा तास झाले.
एका झाडाला दीड तास, जरा जास्तच.
हा भागाकार मी वहीत लिहिलेला नाही.

बाबांनी विचारलं, बेस म्हणजे काय गो?
म्हटलं, जिथून ड्युटी सुरू होते,
आणि संपल्यावर जिथे आणून सोडतात.
"म्हणजे घर."
घर नव्हे. घरापासून ते मोजत नाहीत.
"बेस बरां," म्हणाले,
आणि मला कळेना, हा कुठला बेस,
कंपनीचा की आपला.

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
एक विमान उतरत होतं. आवाजावरून मी ओळखलं,
पंख्यांचं; कुणीतरी पॉवर जरा लवकरच कमी केली.
"वरून आपली विहीर दिसत असेल?"
दिसते, म्हटलं, डावीकडे.
"मग झालं तर."
मी उजवीकडे बसणार, बाबा. डावीकडे कप्तान.
त्यांनी वहीकडे पाहिलं,
चार आणि नऊवर अंगठा फिरवला,
ओली बी दाबून बघतात तसा.

वारा फिरला, मी म्हटलं, तर दुसऱ्या टोकाने उतरतात,
मग विहीर माझ्या बाजूला.
"कधी फिरतो?"
सांगता येत नाही.
"बरां," म्हणाले, आणि पंप बंद करायला उठले,
टाकी केव्हाची भरून वाहत होती.