पॅकिंगपासून सहा महिने

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते
आणि नवी पेठेतल्या आमच्या खोलीत
पाच वाजल्यापासून कुणाचंच पान उलटत नाही.

ओस्तवालच्या दुकानात काउंटरखाली एक टोपली आहे.
तिच्यावर काही लिहिलेलं नाही.
ज्याला माहीत त्याला माहीत.
तारीख टळलेले नूडल्स, कोपरे दबलेली खारी,
सगळं अर्ध्या किमतीत.
शेठ बिल करत नाही, एवढंच म्हणतो,
"वास घेऊन बघ. नंतर मला सांगायला येऊ नको."

आज टोस्ट मिळाले.
पाकिटावर लिहिलंय: पॅकिंगपासून सहा महिने.
पॅकिंगची तारीख नेमकी घडीत गेलेली,
महिन्याचा इंग्रजी आकडा अर्धाच उमटलेला,
तीन की आठ, कळेना.
नोव्हेंबर चालू होता.
गहिनीनाथ म्हणाला, आठ असेल तर चालू घडामोडी,
तीन असेल तर प्राचीन इतिहास.
बिराप्पा एवढा हसला की त्याचा चहा सांडला.
तो एकोणीस वर्षांचा आहे, जतहून आलाय,
आमच्या सगळ्याच विनोदांना हसतो.

खोलीत सगळ्यात जुना मी,
म्हणून पहिला टोस्ट माझा.
असा नियम कुणी केला नव्हता. झाला.
चहात बुडवला. आधी बडीशेप लागली,
मग मागून खवट तेल,
बंद पडलेल्या गिरणीच्या पट्ट्यासारखं.
दहा मिनिटं दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले,
निकालाच्या दिवशी न उघडणाऱ्या वेबसाइटकडे बघावं तसे.
मला काही झालं नाही.
मग त्यांनी चार-चार खाल्ले.

माझ्या पॅकिंगची तारीखही अंदाजेच.
शाळेत घालताना सोनवळे गुरुजींनी
माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला,
पोहोचला म्हणाले, आणि एक जून लिहिलं.
त्या दिवशी आमच्या वर्गातली सतरा पोरं
एकाच तारखेला जन्मली.
आई म्हणते, तू गौरी जेवल्या त्या रात्रीचा,
पाऊस नव्हता, दिव्यात तेल नव्हतं.
म्हणजे कागदावर मी
तीन महिने आधीच शिळा.

तीन महिने म्हणजे फार नाही.
पण मेअखेर माझी वयोमर्यादा संपते
आणि जाहिरात जुलैत येणार म्हणतात.
त्या तीन महिन्यांत एक परीक्षा बरोबर बसते.
गुरुजी वारले. त्यांच्यावर राग धरता येत नाही,
पोरगं वर्षभर गुरांमागे जाऊ नये
एवढंच त्यांनी पाहिलं असणार.
परीक्षेची तारीख तर चारदा पुढे जाते,
तेव्हा कुणी तिचा वास घेऊन बघत नाही.

घरून फोन आला. काय खाल्लं?
टोस्ट.
ताजे का?
हो.
मागे म्हैस हंबरली, आई म्हणाली ठेवते.

रात्री साडेअकराला बिराप्पा उठून बसला.
"दादा, पोटात गुरगुरतंय.
तीन होतं की आठ?"
मी पाकीट घेतलं, घडी उलगडली,
मोबाइलचा उजेड तिरका धरला.
शास्त्री रोडवरून एक अँब्युलन्स गेली, सायरन न वाजवता.
आकडा नीट दिसला.
तीन.
"आठ आहे रे," मी म्हणालो, "झोप."
तो लगेच झोपला. त्या वयात झोपता येतं.

पाकिटात तीन टोस्ट उरले होते.
सहाला अभ्यासिकेत खुर्ची धरायची होती,
आणि हा सकाळी उठून आधी डबाच उघडणार.
मग मी ते खाल्ले,
अंधारात, उभ्यानंच, चहाशिवाय,
आवाज होऊ नये म्हणून
आधी जिभेवर भिजवून.