पावतीपुस्तक

भोपाळहून फोन आला, शाखेत प्राण फुंका.
मी म्हटलं, फुंकतो,
आणि आधी रजिस्टरवरची धूळ फुंकली.

जनकगंज शाखा. सदस्य दोनशे सोळा.
कागदावर आम्ही फार बलवान आहोत.
तीन नावं दोनदा आलेली,
एकोणचाळीस जण पुण्याला, मुलांकडे,
एक जण समोरच्या पक्षात जाऊन नगरसेवक झालेला
(त्याची वर्गणी अजून आमच्याकडे थकली आहे)
आणि लाल पेन्सिलीचं टिंब पडलेले बावीस.
टिंबाचा अर्थ विचारू नका.

डिसेंबरात लष्करवर धुकं असं उतरतं
की दौलतगंजच्या तोंडाशी उभं राहिलं तर
आपलाच झेंडा कोणत्या रंगाचा, ते कळत नाही.
सोबत रामसेवक कुशवाह,
कानांवर मफलर, बगलेत सतरंजी.
कुणी "बसा" म्हणालंच तर पंचाईत नको.

पहिलं दार उघडलं नाही.
दुसऱ्यातून आवाज आला, "वोट हैं क्या अभी?"
"नाही."
"तो फिर?"

या "तो फिर"चं उत्तर आमच्या जाहीरनाम्यात नाही.
मी शोधलं आहे.

तिसऱ्या दारात गुड्डी जाटव.
बोलली काहीच नाही. आत गेली,
नळाच्या पाण्याची बाटली भरून आणली, माझ्या हातात दिली.
पिवळं. तळाशी काहीतरी हलत होतं.
रामसेवकनं फोटो काढला. ती म्हणाली,
फोटो मागच्यांनीही काढला होता.

मग टोणप्यांचं घर.
वामनरावांच्या नावापुढे टिंब मीच दिलं होतं,
तिसरं वर्ष चालू आहे.
कुमुदिनीबाईंनी दार उघडलं, हातातलं रजिस्टर पाहिलं :
"छाटायला आलास?"

बिस्किटांच्या डब्यात पावत्या, सालवार, दोऱ्यानं बांधलेल्या.
वरच्या तीन त्यांच्या जाण्यानंतरच्या.
दर जानेवारीत पैसे शेजारच्या पोराबरोबर येत राहिले
आणि मी न बघता लिहीत राहिलो,
वामन टोणपे, वामन टोणपे.

"बैठका याच खोलीत झाल्या ना सगळ्या?
किती कप टाकायचे ते मला तुमच्या आधी कळायचं.
बारा म्हणजे ठराव होणार.
पाच म्हणजे कुणीतरी रुसलंय.
एकदा महिनाभर दोनच कप, बाकीचे तुरुंगात.
आणि तो तुमचा नगरसेवक,
चहा अर्धा ठेवून उठायला लागला
तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं, हा जाणार."

चाळीस वर्षं आम्ही गल्लीगल्लीत माणसं शोधली.
स्वयंपाकघराचा पडदा
कुणी बाजूला केला नाही.

मी पावतीपुस्तक उघडलं. नाव?
कुमुदिनी वामन...
"वामन नको लावूस. ते यादीत वेगळे आहेत."
व्यवसायाच्या रकान्यात हात सवयीनं "गृहिणी" लिहून गेला.
खोडलं.
कार्बनखालच्या प्रतीतही खोडलं गेलं.
रकाना तसाच राहू दिला.

भोपाळला आकडा कळवला.
घटला कसा, त्यांनी विचारलं.
म्हटलं, आता मोजता येतो.

रविवारी नऊ जण आले.
कुमुदिनीबाई सतरंजीवर बसल्या, अगदी मध्ये,
त्यामुळे चहाचं काय, हा प्रश्न पहिल्यांदाच
अजेंड्यावर आला.
रामसेवक उठला. दूध उतू गेलं, आलं जास्त पडलं,
अर्धा तास त्यावरच चर्चा झाली, आवाज चढले,
कित्येक वर्षांत इतका जोर आमच्या बैठकीत नव्हता.

मग गुड्डीनं बाटली आणून
कपांच्या मधोमध ठेवली.
सगळे गप्प.
गाळ खाली बसेल म्हणून आम्ही वाट पाहिली.

बसला नाही.
कुमुदिनीबाईंनी पदर खोचला, म्हणाल्या,
हं, लिहून घे.